आप्पासाहेबांची दुसरी जोडी

वाघोलीला केसनंद फाट्याच्या अलीकडे 'मुक्ताई रेसिडेन्सी' नावाची पाच मजली इमारत आहे. तिथली लिफ्ट लिफ्टच्या मर्जीनं चालते, पाणी टँकरवाल्याच्या मर्जीनं येतं, आणि मालकाच्या मर्जीबद्दल तर विचारूच नका. मालक म्हणजे आप्पासाहेब. वय चौऱ्याहत्तर. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. रोज सकाळी सातला गेटाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचं आणि कोण किती वाजता गेलं, कुणाकडे कोण आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, हे सगळं डोक्यात ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. गेटावर पगारी वॉचमनही आहे. पण तो आप्पांच्या मते नुसता पगारापुरता आहे.

मुक्ताई हे त्यांच्या आईचं नाव. पंधरा वर्षांपूर्वी या जागेवर त्यांचा गोठा होता आणि मागे सात एकर रान. मग बिल्डर आला, कागद झाले, गोठ्याच्या जागी इमारत आली. पुढे वाघोली पुणे महापालिकेत गेली. आप्पा काही गेले नाहीत. अजूनही शनिवारवाड्याकडे जायचं झालं की ते 'जरा पुण्याला जाऊन येतो' असंच म्हणतात.

रान गेलं तरी वर्षाची ज्वारी पोत्यानं भरायची सवय गेली नाही. पाचव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात एक लहान खोली आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला 'स्टडी रूम' म्हटलं होतं. तिथं चार पोती ज्वारी उभी असते, आणि भिंतीतल्या खिळ्याला दोराचा एक जुना, तुटका तुकडा टांगलेला असतो. त्या दोराला कुणी हात लावलेला आप्पांना खपत नाही. तर या स्टडी रूममध्ये दिवाळीनंतर एक उंदीर अभ्यासाला येऊन बसू लागला.

"दोन पोती पोखरली मेल्यानं," वेणूबाई भाकरी वाढताना म्हणाल्या. वेणूबाई म्हणजे आप्पांचं कुटुंब. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी उलट उत्तर दिलं नाही, असं आप्पा चारचौघांत सांगतात, आणि तेव्हा वेणूबाई शेजारी बसून हसतात. "मांजर आणा एखादं."

"आणा म्हंजी? मांजर काय आणायचं असतं व्हय? ते येतं आपल्या पायानं."

"पाचव्या मजल्यावर? लिफ्टनं येणार का?"

मुलगा रविराज समोरच मोबाईल बघत बसला होता. त्याचं प्लॉटिंगचं ऑफिस आहे आणि प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एक ब्रँडेड उपाय असतो. तो म्हणाला, "आप्पा, कॅट पाहिजे ना, मग पर्शियन आणू. क्लास दिसते."

"उंदीर धरती का ती?"

"ती सोफ्यावर बसते."

"सोफ्यावर बसायला मी हाय की," आप्पा म्हणाले.

वेणूबाईंनी मग हळूच पुडी सोडली. "तिसऱ्या मजल्यावरच्या तनुजाकडं हायती की दोन पिल्लं. तीन महिनं झालं."

आप्पांचा घास हातातच राहिला. तीन महिने? त्यांच्या इमारतीत? रोज सकाळी सातपासून ते गेटावर असताना? तनुजा ही तीनशे दोनमधली भाडेकरू, पुसदची मुलगी, खराडीला आयटीत. जाता-येता 'आप्पा, जेवले का?' म्हणून विचारणारी, गरीब स्वभावाची, पाठीवर कायम लॅपटॉपची बॅग. त्या बॅगेतनं रोज लॅपटॉपच जातो असं आप्पा धरून चालले होते.

"तुला कसं ठावं?"

"मीच रोज उकडलेलं चिकन देती खाली," वेणूबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

संध्याकाळी आप्पा तीनशे दोनच्या दारात उभे राहिले. दार उघडल्यावर तनुजाचा चेहरा पांढरा पडला. भाडेकरारात 'प्राणी पाळणार नाही' असं कलम होतं आणि तिनं त्यावर सही केली होती.

"आप्पा, मी सांगणारच होती..."

"ते ऱ्हाऊ दे. जनावरं दाव."

जनावरं पलंगाखालून बाहेर आली. पुढे एक पिवळा बोका, अंगाचा भरदार, शेपूट ताठ. त्याच्या मागे, त्याच्या अंगाला अंग घासत, एक पांढुरकी भाटी. तिच्या पाठीवर भाकरीला पडतात तसे करपट डाग होते आणि डावा डोळा शिवलेला होता. बोक्याचं नाव झुणका, भाटीचं भाकर. फाट्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं सिमेंटच्या पाइपात ही दोघं तनुजाला सापडली होती. भाकरचा डोळा तेव्हाच पिकून गेलेला होता, डॉक्टरांनी तो काढला.

आप्पांनी खाली बसून झुणक्याला उचललं आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. तोंड उघडून दात बघितले. कपाळावर भोवरा कुठे आहे ते बघितलं. पाय दाबले, शेपूट बोटात धरून शेवटापर्यंत ओढून पाहिली. झुणक्याला कधी कुणी असं तपासलं नव्हतं, तो गप्प राहिला. मग आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून हातावर पसरला आणि पंच्याखालचा हात तनुजापुढे केला.

तनुजा बघत राहिली. बैलबाजारात सौदा कापडाखाली होतो, बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. हे तिला कुठून माहीत असणार? तिला वाटलं आप्पांच्या हाताला काही लागलं.

"भाव सांग," आप्पा म्हणाले.

"ह्याचे पैसे नसतात आप्पा. फुकट असते."

आप्पांनी हात मागे घेतला. फुकट जनावर म्हटल्यावर त्यांना शंका आली. "खोड काय हाय मग?"

"खोड नाही. पण ही दोघं एकत्रच द्यायची. बॉन्डेड जोडी आहे. भाकरला एका बाजूचं दिसत नाही, ती झुणक्याच्या अंगाला लागून चालते. आणि तो तिला सोडून जेवत पण नाही. वेगळं केलं की दोघंही आजारी पडतात." आणि पिल्लं तिची नव्हतीच. भटक्या मांजरांसाठी काम करणारी एक संस्था होती. घर मिळेपर्यंत तनुजा त्यांना फक्त सांभाळत होती. याला फोस्टर म्हणतात, असं तिनं सांगितलं. आणि घ्यायचं असेल तर आधी प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

"इचार," आप्पा म्हणाले. बँकेनं विचारलं, तलाठ्यानं विचारलं, महापालिकेनं विचारलं. आता मांजरीनं विचारू दे.

तनुजानं मोबाईलवर फॉर्म उघडला. मांजरं झोपणार कुठे? "जिथं झोप यील तिथं." खायला काय देणार? "दूध-भाकरी. आन उंदीर." घराबाहेर सोडणार का? "मांजर हाय, कैदी न्हाई." गॅलरीला जाळी आहे का? "मोकळी हाय. झकास वारं येतं." मोठी झाल्यावर नसबंदी करणार का? इथं तनुजा जरा अडखळत बोलली, पण आप्पा म्हणाले, "मग? गोऱ्ह्याचा बैल काय आपोआप हुतो व्हय?" हे एकच उत्तर फॉर्ममध्ये बसलं.

"आधी कुठले प्राणी पाळले होते? त्यांचं पुढे काय झालं?"

"बैल व्हते. दोन."

"मग?"

"इकले."

"दोघांना एकत्र?"

आप्पांनी झुणक्याला खाली ठेवलं. "न्हाई," ते म्हणाले.

तनुजानं काही लिहिलं नाही. मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. "आप्पा, रागावू नका. पण तुम्हाला नाही देता येणार."

आप्पा उठले. 'बरं' एवढंच म्हणाले आणि जिन्यानं वर आले. ज्या इमारतीचे वीस फ्लॅट त्यांच्या नावावर, त्या इमारतीत त्यांना एक मांजर मिळेना. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं, 'इकले' सोडून.

"बघा बाई," वेणूबाई म्हणाल्या, "पोरी बघायला गेला तवा सुदिक कुणी नकार दिला नव्हता."

रविराजला मात्र चांगलाच राग आला. "भाडेकरू आहे ती आपली. अ‍ॅग्रीमेंटमध्ये पेट्स नॉट अलाउड आहे. मी बोलतो तिच्याशी."

"खबरदार," आप्पा म्हणाले. ते असं म्हणाले की रविराजनं फोन खिशात ठेवला.

आठवडाभर आप्पा गेटावर बसले, पण हजेरी घेण्यात लक्ष लागेना. तनुजा जाता-येता विचारायची, "आप्पा, जेवले का?" आप्पा मान हलवायचे. राग तिच्यावर नव्हताच. तिनं विचारायचं तेच विचारलं होतं.

मग वेणूबाईंनी चिकनच्या डब्याबरोबर खालची बातमी वर आणली. कंपनीनं तनुजाची बदली हैदराबादला केली होती. रविवारी ती जाणार. जोडी घ्यायला कुणी तयार नव्हतं. ज्याला त्याला पिवळा बोका हवा होता, एका डोळ्याची कुणालाच नको. शेवटी संस्थेतल्या लोकांनी ठरवलं की बोका एका घरी द्यायचा आणि भाटी त्यांच्या निवाऱ्यात न्यायची. तिथं आधीच साठ मांजरं होती. तनुजा दोन दिवस रडत होती.

गुरुवारी दुपारी गेटासमोर मोठी गाडी थांबली. आतून चष्मेवाला नवरा आणि त्याची बायको उतरली. "काका, तीनशे दोन? कॅट बघायला आलोय," नवरा म्हणाला.

"दोन्ही नेणार का?" आप्पांनी विचारलं.

"छे हो. ऑरेंजवाला फक्त. दुसरीला एकच डोळा आहे म्हणे."

"अन् ती?"

"तिचं ते बघतील की. मांजरं काय, आठ दिवसांत विसरतात."

माणूस वाईट नव्हता. गाडी लावताना दुसऱ्याच्या दारात येणार नाही हेही त्यानं पाहिलं होतं. पण आप्पांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतः म्हटलं होतं, शब्द न् शब्द, फक्त मांजराच्या जागी बैल होता.

अर्ध्या तासानं ती दोघं गेली. शनिवारी बोका न्यायला येतो म्हणाली. लिफ्ट बंद होती. आप्पा तीन मजले चढले, दोनदा थांबून. तनुजानं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"त्या दिशी तू इचारलंस आन म्या निम्मंच सांगितलं," आप्पा म्हणाले. "आता समदं ऐक. मग तुला काय लिवायचं ते लिव."

ते जमिनीवर बसले, भिंतीला टेकून.

"हौशा आन पाखऱ्या. खिल्लारी. एका वर्षाची वासरं आणली व्हती दोन, एका दावणीला वाढली. हौशा डावीकडनं चालायचा, पाखऱ्या उजवीकडनं. बाजू बदलली तर जागचे हलत नव्हते. बारा वर्सं. मग बिल्डरचा कागद झाला. सोमवारी जेसीबी येणार म्हणाला. शनिवारी म्या चाकणच्या बाजारात नेली जोडी. गिऱ्हाईक एकालाच मिळालं. त्येच्याकडं एक बैल व्हता, त्याला जोडीला पायजे व्हता. ही म्हणली व्हती घरातनं निघताना, जोडी फोडू नका. म्या ऐकलं न्हाई. घाई व्हती मला. हौशाला दिला. पाखऱ्याला दुसऱ्या दिशी लोणी काळभोरच्या बापूरावाला दिला. बापूराव म्हणला, एकटा ऱ्हाईल का? म्या म्हणलं, बैल काय, आठ दिवसांत इसरतो."

झुणका आणि भाकर पलंगाखालून बघत होती.

"चौथ्या दिशी बापूरावाचा फोन. बैल वैरणीला तोंड लावंना. म्या म्हणलं लावंल. सातव्या दिशी सकाळी हितं आलो, खड्डा किती झाला बघायला. तर खड्ड्याच्या काठावर पाखऱ्या हुबा. दावं तोडून आलता. लोणीवरनं थेऊर, थेऊरचा पूल, केसनंद, एकला चालत. गळ्यात निम्मं दावं लोंबत व्हतं. हितं गोठा व्हता ना. तर तो काठावर हुबा ऱ्हाऊन खाली बघत व्हता."

"मग?" तनुजानं अगदी हळू विचारलं.

"मग काय. यवहार झालता. पैसं घेतलं व्हतं. गोठा न्हाई, बांधायचा कुठं? त्याच दिवशी सांजच्याला टेम्पोत घालून परत सोडून आलो. बापूरावानं नवं दावं बांधलं. तुटकं माझ्या हातात ऱ्हायलं. पुढं म्हैनाभरात गेला तो." आप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं, मग डोळे. "खोटं न्हाई बोललो तुला. इकलेच."

मग भाकर पलंगाखालून निघाली. आप्पा तिच्या शिवलेल्या डोळ्याच्या बाजूला होते, त्यामुळे ती त्यांच्या गुडघ्यावर आपटली. दचकली, हुंगलं आणि तिथंच बसली. तिच्या मागोमाग झुणका आला.

तनुजानं नाक ओढलं आणि मोबाईल हातात घेतला. आप्पांना वाटलं आता ही गळ्यात पडून रडणार. पण पोरगी पुसदची होती. "नियम तेच राहतील," ती म्हणाली. "गॅलरीला जाळी. बाहेर सोडायचं नाही. दूध नाही."

"जाळी उद्या लागंल."

"दूध नाही म्हटलं मी."

"अजाबात न्हाई?"

"त्यांना पचत नाही आप्पा."

"वाटीभर बी न्हाई?"

"आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले. आयुष्यात त्यांनी केलेला हा सगळ्यात वाईट सौदा होता, आणि तो केल्यावर त्यांना झोपेपर्यंत बरं वाटत होतं.

शुक्रवारी जाळीवाला आला. रविराजनं 'एलिव्हेशनची, बिल्डिंगच्या लूकची, वाट लागेल' म्हणून कटकट केली. आप्पा म्हणाले, "तू बी लहानपणी खिडकीत चढायचास, तवा गज बसवलं व्हतं. त्यानं घराची वाट लागली का?" संध्याकाळी तनुजा तपासणीला आली. चपला बाहेर काढल्या, गॅलरीत गेली आणि जाळीला लोंबकळून बघितलं. मग वाकून वॉशिंग मशीनच्या मागची फट शोधून काढली. आप्पा तिच्या मागे हात बांधून फिरत होते. खुंटा असाच हलवून बघायचा असतो, हे त्यांना पटलं होतं. वेणूबाईंनी जुनं लुगडं कोंबून फट बुजवली.

मग कागद. बिल्डरच्या वेळी सत्तर पानांवर आप्पांनी एका बैठकीत सह्या ठोकल्या होत्या, एकही ओळ न वाचता. हा कागद एकाच पानाचा होता. तो त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचला. 'या दोघांना कधीही वेगळं करणार नाही' या ओळीवर बोट ठेवून थांबले आणि मग सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. तनुजानं त्यांच्यासमोरच चष्मेवाल्याला फोन लावून शनिवारी येऊ नका म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी तनुजा पिल्लं घेऊन वर आली. बरोबर तिची एक जुनी ओढणी होती, पिल्लं पहिल्या दिवसापासून त्यावरच झोपायची. आप्पांनी ओढणी परत केली. "दावं देत नसत्यात," ते म्हणाले. "जनावर द्यायचं, दावं आपल्या घरी ठिवायचं. न्हाईतर दावण रिकामी पडती."

"पण त्यांना वास ओळखीचा पाहिजे ना. नाहीतर घाबरतील."

दोघांचंही खरं. आप्पा ओढणी घेईनात, तनुजा ठेवून घेईना. शेवटी वेणूबाईंनी कात्री आणली, ओढणी मधोमध कापली, अर्धी टोपलीत घातली आणि अर्धी तनुजाच्या बॅगेच्या पट्ट्याला गाठ मारून बांधली. "झालं? आता जा, गाडी चुकंल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच पदर डोळ्याला लावून आत गेल्या. आप्पा गेटापर्यंत सोडायला आले. रिक्षात बसताना तनुजानं विचारलं, "आप्पा, जेवले का?" सकाळचे आठ वाजले होते.

त्या दिवशी दोन्ही पिल्लं टोपलीतून हलली नाहीत. उंदरानं याचा फायदा घेऊन तिसरं पोतं फोडलं.

सोमवारी सकाळी दूधवाल्यासाठी वेणूबाईंनी दार उघडलं, आणि पाच मिनिटांनी टोपली रिकामी दिसली. सोफ्याखाली नाही, पोत्यांमागे नाही, जाळीला भोक नाही. एका दिवसात? सही करून तीन दिवस झाले नव्हते. आप्पा भिंत धरत जिना उतरू लागले. 'पिस् पिस्' करत चौथा मजला झाला. तिसऱ्या मजल्यावर आले आणि थांबले.

तीनशे दोनच्या बंद दारासमोर दोघं बसली होती. झुणका दाराच्या फटीत पंजा घालत होता. भाकर त्याला टेकून, आपला एक डोळा दारावर लावून बसली होती. दोघांतलं कुणी ओरडत नव्हतं.

आप्पा पायरीवर बसले. खड्ड्याच्या काठावरचा पाखऱ्या असाच उभा होता, ओरडत नव्हता, नुसता बघत होता, आणि त्यांनी त्याला टेम्पोत घातलं होतं.

वरून वेणूबाईंचा आवाज आला. "गावली का? घेऊन या वर."

"किल्ली टाक खाली," आप्पा म्हणाले. "तीनशे दोनची."

वेणूबाई किल्ली घेऊन स्वतः खाली आल्या, ती आप्पांच्या हातात दिली आणि तशाच वर गेल्या.

आप्पांनी दार उघडलं. आत काही नव्हतं. कॅलेंडरचा खिळा, कोपऱ्यात एक फुटकी बादली. झुणका आत शिरला, भाकर त्याच्या अंगाला लागून. दोघांनी पलंगाच्या जागी जाऊन हुंगलं. स्वयंपाकघर बघितलं. न्हाणीघर बघितलं. परत पलंगाच्या जागी आली. आप्पा दार लावून त्या दिवशीच्याच भिंतीला टेकून बसले. "बघा," ते म्हणाले, "नीट बघून घ्या. घाई न्हाई मला."

दोघांनी सगळं घर तीनदा हिंडून पाहिलं. तासभर तरी गेला असेल. मग झुणका आपणहून आला आणि आप्पांच्या धोतरावर चढला. भाकर त्याच्या मागोमाग चढली, नखं रोवत, आणि आप्पांनी हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भाड्यानं खोल्या लावून देणारा सौरभ होता. "आप्पा, तीनशे दोनसाठी पार्टी आहे. नवरा-बायको, दोघं आयटीत. आजच दाखवतो."

"म्हैनाभर थांब."

"महिनाभर? अहो, कालच रिकामी झाली ना?"

आप्पांनी मांडीकडे बघितलं. झुणका झोपला होता. भाकर अजून जागी होती, तिचा एक डोळा दाराकडे लागलेला होता.

"न्हाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "अजून न्हाई रिकामी झाली." आणि तिला दचकायला होऊ नये म्हणून त्यांनी फोन अगदी सावकाश खाली ठेवला.